आधी नाव लागू दे, मग सही मागा

यंदाच्या भाऊबीजेला पुतण्याच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि पानसुपारी फिरायच्या आत विषय निघाला लाडक्या बहिणीचा. पुतण्याचं म्हणणं, ही सरळ मतांची खरेदी आहे, तिजोरीत खडखडाट आणि वाटप मात्र जोरात. त्याच्या बायकोचं म्हणणं, जिला डोक्याच्या तेलाची बाटली आणायला पण नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो तिच्या खात्यावर दीड हजार आले की काय वाटतं ते तुम्हा पगारदारांना कळायचं नाही. मग आवाज चढले, कुणी या पक्षावर गेलं, कुणी त्या पक्षावर, एक जावई न जेवल्यासारखा तोंड करून बाहेर जाऊन बसला. तासभर मी ऐकत होतो. त्या खोलीत लग्न झालेल्या पाच बायका होत्या, पाचही जणी कुणाच्या तरी बहिणी, आणि पाचही जणींनी आपापल्या माहेरी हक्कसोडपत्रावर, म्हणजे वडिलांच्या मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही करून दिलेली. त्यातल्या तीन कागदांचा मसुदा माझ्या हातचा. सरकारने बहिणीला काय द्यावं यावर सगळे तावातावाने बोलले, भावाने बहिणीकडून काय लिहून घेतलंय यावर एक शब्द निघाला नाही.

मी ३८ वर्षं तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली केली, आता काळा कोट कपाटात आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. वडील गेले की तेराव्यानंतर बहिणींना बोलावून हक्कसोडपत्र करून घ्यायची जी रीत आपल्याकडे पडलीय ती बंद व्हायला हवी. बहिणीने हक्क सोडूच नये असं मी म्हणत नाही, ज्याचं त्याने ठरवावं. पण सोडायचा असेल तर आधी तिचं नाव सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून लागू दे, निदान वर्षभर तिच्या हिश्श्याच्या पिकाचे पैसे तिच्या हातात पडू देत, आणि मग तिला वाटलं तर खुशाल सोडू दे. जे कधी हातात आलंच नाही ते सोडलं याला दान म्हणायचं कसं?

लाडकी बहीण योजनेबद्दल दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडतायत असं मला वाटतं त्याचं कारण हेच. जून २०२४ च्या बजेटमध्ये योजना जाहीर झाली, महिन्याला १,५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला गेला. पहिल्या नियमांत एक अट होती की कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा जास्त शेती असेल तर ती बाई अपात्र. ओरड झाली आणि ती अट काढून टाकली. बरं झालं काढली. पण ती अट घालताना कुणाच्या मनात आलं नाही का, की ज्या पाच एकरांवरून तुम्ही बाईला अपात्र ठरवताय त्या सातबाऱ्यावर तिचं नाव तरी आहे का? सासरची जमीन नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, माहेरची भावाच्या नावावर, आणि बाई मात्र जमीनदार म्हणून अपात्र! ती अट आठवड्याभरातच गेली, आणि तिच्याबरोबर तो प्रश्नही विसरला गेला.

ज्यांनी हक्कसोड होताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात एक खोली, भिंतीला लागून बाकडी, टेबलावर कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन. भाऊ सकाळीच गाडी करून बहिणींना घेऊन येतात. प्रत्येकीच्या हातात साडीची पिशवी असते, बहुतेक आदल्या संध्याकाळी घेतलेली, दुकानाचं नाव छापलेली. ऑपरेटर म्हणतो, ताई इकडे बघा, फोटो निघाला, अंगठा ठेवा, पुसून परत ठेवा, आणि धुणंभांडी, खुरपणी करून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात म्हणून तो अंगठा चार-चार वेळा घ्यावा लागतो. साहेब विचारतात, दस्त वाचला का, मान्य आहे का? मान हलते, झालं. भावाबहिणीतल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला स्टॅम्प दोनशे रुपयांचा होता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा झाला. कागदात काय लिहिलेलं असतं ते मी हजारदा लिहिलंय, पाठ आहे: माझे लग्न भावांनी थाटामाटात करून दिले असून मला वेळोवेळी माहेरपण केले जाते, सबब सदर मिळकतीत मला हक्क नको, हे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून देत आहे.

त्या राजीखुशीबद्दल एकदा एका बाईने मला विचारलं होतं. चाळिशीतली असेल, भाऊ चहा सांगायला गेले होते. म्हणाली, वकीलसाहेब, मी सही नाही केली तर काय होईल? मी म्हटलं, काही होणार नाही ताई, कायद्याने तुमचा हिस्सा तुमचाच राहील. तर ती म्हणाली, कायद्याचं नाही विचारत मी, दिवाळीला मला न्यायला कोण येईल? माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाऊ चहा घेऊन आले, तिने सही केली, आणि फी मी भावांकडून घेतली. राजीखुशी म्हणजे काय हे मला कायद्याच्या पुस्तकांपेक्षा त्या बाकड्यावर जास्त कळलं. जिथे नाही म्हणायची किंमत अख्खं माहेर असते तिथे हो म्हटल्याला काय अर्थ आहे?

आता समोरच्यांचे मुद्दे. ते मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तीच बाजू मी वर्षानुवर्षं कोर्टात मांडलीय आणि त्यात दम आहे हे मला माहीत आहे. पहिला मुद्दा लग्नाचा. बहिणीच्या लग्नात जमीन गहाण पडली, सोनं घातलं, मानपान केला, कर्ज भावाने फेडलं, मग आता हिस्सा कसला? हे खोटं नाही. असं कर्ज फेडता फेडता म्हातारे झालेले भाऊ मी बघितलेत. पण ते सोनं आणि तो हुंडा गेला कुठे? १९६१ पासून हुंडा घेणं-देणं गुन्हा आहे, म्हणजे आपण असं म्हणतोय की एक गुन्हा करून जे पैसे तिच्या सासऱ्याला दिले ते तिच्या हिश्श्यातून वळते करा. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं केरळला गेलो होतो, बायकोला बॅकवॉटर बघायचं होतं आणि मला कोट्टायम. तिथल्या सिरियन ख्रिश्चन समाजाला १९१६ चा त्रावणकोरचा वारसा कायदा लागू होता, त्यात मुलीचा हक्क किती, तर मुलाच्या हिश्श्याच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते, आणि लग्नात स्त्रीधनम म्हणून दिलं असेल तर तेही नाही. मेरी रॉय नावाच्या शिक्षिका आपल्याच भावाविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९८६ ला तो कायदा मोडीत निघाला. १९१६ चे पाच हजार १९८६ मध्ये पण पाच हजारच होते, बघा. त्या बाजूला पण लोक हेच म्हणत होते की लग्नात दिलंय. धर्म वेगळा, भाषा वेगळी, सबब तीच. आणि ज्या घरात मुलाच्या लग्नात पण पाचशे पानं उठली, मुलाच्या इंजिनिअरिंगची फी पण जमीन विकून भरली, तिथे मुलाच्या हिश्श्यातून तो खर्च वळता केलेला मी एकाही वाटपाच्या दाव्यात पाहिला नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे. आईवडलांना बघतो कोण? रात्री दोन वाजता दवाखान्यात नेतो कोण? बहीण दोन दिवस येते, डोळ्यात पाणी आणते आणि परत जाते. यात तथ्य आहे आणि जो सांभाळतो त्याला जास्त मिळावं असं मलाही वाटतं. मग तसं स्पष्ट लिहा ना! वडलांनी मृत्युपत्रात लिहावं, सांभाळणाऱ्याला इतकं जास्त. पण ज्या भावाने आयुष्य पुण्यात काढलं, आईच्या औषधाची गोळी कधी हातात धरली नाही, त्याचा हिस्सा आपण कमी करतो का? नाही करत, तो मुलगा आहे म्हणून त्याला पूर्ण मिळतो. म्हणजे सांभाळण्याचा नियम फक्त बहिणीला लावायचा. मेघालयात शिलाँगला आम्ही ज्या घरी उतरलो होतो ते घर सगळ्यात धाकट्या मुलीचं होतं. खासी लोकांत वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं, तिला का-खड्डुह म्हणतात, आणि आईवडील, घरातली कार्यं, अडचणीत आलेला भाऊ, सगळ्यांचं बघायचं तिनेच. तिथे पुरुषांच्या संघटना आहेत, त्या म्हणतात आमच्यावर अन्याय होतो, आम्हाला वाटा द्या, आणि मला त्यांचंही पटतं. पण तिथल्या ओसरीत चहा पिताना माझ्या लक्षात आलं की आपण ज्याला निसर्गनियम समजतो, की मुलगा सांभाळतो म्हणून मुलाला मिळतं, त्याचा क्रम उलटाही असू शकतो, ज्याला मिळतं त्याच्यावर सांभाळायची पाळी येते.

आणि कायद्याने तर मुलीवर जबाबदारी कधीच टाकलीय. १९८७ ला महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न झालेली, स्वतः कमावणारी मुलगी वडलांना पोटगी द्यायला बांधील आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांचीही नावं आहेत. जबाबदारीला मुलगी चालते, हिश्श्याला चालत नाही, हे कसं? शिवाय मुलगा सांभाळतो म्हणतो तेव्हा खरं कोण सांभाळतं हो? सासूचे कपडे कोण बदलतं, सासऱ्याची पेज कोण करतं? सून. आणि ती सून कुणाची तरी बहीण आहे, तिने पण तिच्या माहेरी भावाला सही करून दिलीय. म्हणजे एका घरची बहीण स्वतःचा हिस्सा सोडून येते, दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्यांना सांभाळते, आणि तिच्या त्या सांभाळण्याच्या नावावर तिच्या नणंदेचा हिस्सा कापला जातो. दोघींच्या पदरात काय पडलं ते मांडून बघा.

जमिनीच्या तुकड्यांचा मुद्दा शहाणी माणसं काढतात, कृषी खात्यात काम केलेले, सोसायटीचे चेअरमन वगैरे. म्हणतात, आधीच जमीन अर्ध्या एकरावर आलीय, बहिणी घातल्या तर वरंबेच उरतील. काळजी खरी आहे. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ ला १.३४ वर आलं. पण मला सांगा, हे तुकडे केले कुणी? या पंचेचाळीस वर्षांत बहुतेक बहिणी तर सह्या देऊन मोकळ्या झालेल्या होत्या. तीन भाऊ, मग त्यांची सात पोरं, अशीच जमीन फाटत गेली, आणि चार भावांत चार तुकडे पडतात तेव्हा कुणी म्हणत नाही की धाकट्याने शेतीच्या हितासाठी हक्क सोडावा. तुकडे नको असतील तर जमीन एकाने कसावी, बाकीच्यांना खंड द्यावा किंवा रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी, भावाने हिस्सा विकत घ्यावा, हप्त्याने घ्यावा. हे भावाभावांत चालतंच. बहिणीच्या बाबतीतच मोबदला हा शब्द काढला की घरात सुतक पडतं.

अजून एक म्हणतात, जमीन दुसऱ्या घराण्यात जाते, जावई येऊन नांगर धरतो. इथे कायदा न वाचता बोललं जातं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ मध्ये लिहिलंय की बाईला आईवडलांकडून वारशाने आलेली मिळकत, ती मुलंबाळं न ठेवता आणि मृत्युपत्र न करता वारली, तर नवऱ्याकडे जात नाही, परत तिच्या वडलांच्या वारसांकडे येते. आणि मुलं असली तर ती मुलं कोण? तुमच्या वडलांची नातवंडंच ना? परक्याचं धन हा शब्द आपण इतका सहज वापरतो, पण आपल्याच जुन्या शास्त्रकारांत एक वेगळा सूर होता. सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट यांनी व्यवहारमयूख लिहिला. त्यांचं घराणं मूळ पैठणचं, काशीला जाऊन राहिलेलं. वारसांच्या क्रमात त्यांनी बहिणीला जागा दिली, कारण काय दिलं, तर ती भावाच्याच गोत्रात जन्मली. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टांनी हे मानलं, आणि वडलांकडून मुलीला आलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची हेही इथे मानलं गेलं, बंगाल-मद्रासकडे तिला फक्त हयातीपुरता हक्क होता. आपली परंपरा कुठली ते सांगणाऱ्यांनी ही पण परंपरा आपलीच आहे हे विसरू नये.

सगळ्यात जास्त ऐकलेला मुद्दा म्हणजे नात्याचा. हिस्सा मागितला की भाऊबहीण तुटतात. तुटतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. राखी पोस्टाने परत आलेली पाहिलीय, आईच्या मयताला बहिणीला न कळवलेलं पाहिलंय. पण हे ऐकताना मला १९५१ आठवतं, म्हणजे वाचलेलं. हिंदू कोड बिलात मुलीला वाटा द्यायचा प्रस्ताव होता तेव्हा विरोधकांचा सूर हाच होता की घरं फुटतील, भावाबहिणीचं प्रेम आटेल, जावई घरात घुसतील. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडलं, राजीनाम्याच्या कारणांत हे बिल होतं. त्याच्याही साठ वर्षं आधी, १८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं, मुलीचं वय दहावरून बारा करायचं एवढंच, तर टिळकांसारखा माणूस म्हणाला की सरकारने यात हात घालू नये, सुधारणा समाजाच्या आतून व्हावी. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे आणि परक्या सरकारबद्दलचा त्यांचा राग मी समजू शकतो, पण समाज आतून तयार होईपर्यंत त्या दहा-अकरा वर्षांच्या पोरींनी काय करायचं होतं? समाज तयार होऊ दे हे वाक्य नेहमी ज्याचं काही अडलेलं नसतं तोच म्हणतो. आणि जे नातं वीस गुंठ्यांची मागणी केल्याबरोबर तुटतं ते टिकवायची सगळी किंमत एकट्या बहिणीनेच का भरायची? भावाने का नाही?

हिस्सा मागणाऱ्या बहिणींच्या आडून दलाल जमिनी लाटतात, हा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार आहे, हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. त्यानंतर जिथे रिंग रोड, एमआयडीसी, हायवे आला तिथे जमिनीचे एजंट बहिणींना शोधत गेले, खर्च आम्ही करतो म्हणाले, दावे लावले आणि अर्धा हिस्सा स्वतःच्या नावावर करून घेतला. हे वाईट झालं. पण एजंटला जागा मिळाली ती कशामुळे? भावाने वीस वर्षं हिशोब दिला नाही म्हणूनच ना. आणि एकदा वाटपाचा दावा लागला की हुकूमनामा व्हायला पाच-दहा वर्षं, मग शेतजमिनीचं सरस-निरस, म्हणजे चांगली-वाईट जमीन तोलून, वाटप करायला प्रकरण कलेक्टरकडे, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेखचा मोजणीवाला, आणि तोवर वादी बहीणच नसते, तिची मुलं असतात. असले दावे मी लढवलेत आणि त्यावर माझं घर चाललंय, म्हणून सांगतो, कोर्टात जाऊन कुणाचंच भलं होत नाही. त्यासाठीच हा निवाडा कोर्टाच्या आधी, तलाठ्याच्या टेबलावर व्हायला हवा.

कुणी म्हणेल, गोव्यासारखा कायदा आणा, तिकडे बघा कसं सगळं समान. गोव्याबद्दल आपल्याकडे जरा जास्तच भाबडेपणाने बोललं जातं. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, आता त्यातला वारशाचा भाग त्यांनी स्वतःच्या कायद्यात आणला, त्यात मुलगा-मुलगी सारखे आणि बापाने कितीही मनात आणलं तरी अर्धी मिळकत मुलांसाठी राखीव, ती मृत्युपत्राने हिरावता येत नाही. ही तरतूद आपल्यापेक्षा सरस आहे हे मी म्हणेन, कारण आपल्याकडे स्वकष्टार्जित मिळकतीत बाप एका कागदाने मुलीला शून्य करू शकतो. पण मडगावला एका जुन्या वकील मित्राकडे बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, हक्क सोडल्याचे दस्त आमच्याकडेही नोटरीसमोर होतात आणि सह्या करणाऱ्या बहुतेक बहिणीच असतात. दीडशे वर्षं समान कायदा असून! हे ऐकून माझी खात्री पटली की नुसतं कलम बदलून भागत नाही, सही कधी, कुठे, कुणाच्या समोर घेतली जाते ते बदलावं लागतं.

आणि ते बदलू शकतं. आपल्याकडे एकदा बदलून दाखवलंय. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, शेतकऱ्यांनी स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, आणि ज्या गावात शंभर जणांनी केला ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. कर्जमाफी मागणारा, रस्ता रोको करणारा, मिशीवर ताव देणारा शेतकरी तलाठ्याकडे जाऊन बायकोचं नाव लावा म्हणाला, हे याच महाराष्ट्रात घडलं. सरकारने सक्ती केली नव्हती, पैसे वाटले नव्हते. ज्याच्यावर लोकांचा विश्वास होता अशा माणसाने सरळ सांगितलं की तुझ्या घरच्या लक्ष्मीचं तू देणं लागतोस. आज असं सांगणारा एक तरी पुढारी आहे का? एवढ्या सभा झाल्या, मंचावरून एवढ्या राख्या बांधून घेतल्या, एक आमदार तरी म्हणाला का की मी माझ्या बहिणीचं नाव सातबाऱ्याला लावलंय, तुम्हीपण लावा?

मला काय हवंय ते साधं आहे. वारस नोंद होताना मुलींची नावं कब्जेदार सदरी लागली पाहिजेत. आपल्याकडे बहिणींना इतर अधिकारात ढकलायची जुनी सवय आहे, कर्जाचा बोजा आणि विहिरीचा हक्क असतो त्या रकान्यात, ती बंद. ही नोंद, म्हणजे फेरफार, मंजूर झाल्यापासून एक वर्ष हक्कसोडपत्र नोंदवूच नये. नोंदवताना बहिणीला एकटीला आत घ्यावं, भाऊ बाहेर, आणि तिच्या हिश्श्याचं क्षेत्र किती आणि सरकारी भावाने किंमत किती हे तिला तोंडी वाचून दाखवावं. यावर माझी स्वतःची मुलगी मला म्हणाली, बाबा, बायकांना काय अक्कल नाही का, सज्ञान बाईला वर्षभर थांबवणारे तुम्ही कोण? तिचा प्रश्न चांगला आहे. पण परस्पर संमतीने घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याला पण कायदा सहा महिने थांब म्हणतो, कारण माणूस दुःखात, घाईत, दबावात असताना आयुष्यभराचा निर्णय घेतोय हे कायद्याला कळतं. बाप जाऊन महिना झालेला नसतो, बाईचे डोळे सुकलेले नसतात, आणि तेवढ्यात आपण तिला गाडीत घालून रजिस्टर ऑफिसला नेतो. तिला थांबवायचं नाहीये, तिच्या भावांना थांबवायचंय.

हे सगळं मी अक्कामुळे बोलतोय, तेही लिहिलंच पाहिजे. आमचे वडील १९९० ला गेले. आठ एकर जमीन, आई, आम्ही दोघं भाऊ आणि अक्का. तेव्हा मुलगी सहदायाद नव्हती, १९९४ चा महाराष्ट्राचा कायदा पुढे आला आणि त्यातही २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. पण १९५६ च्या कायद्याने वडलांच्या हिश्श्यात तरी ती वारस होती. काल्पनिक वाटप, म्हणजे वडील जायच्या आधी वडील, आई आणि आम्ही दोघं भाऊ यांच्यात वाटणी झाली असं, धरलं तर वडलांचा चौथा हिस्सा, आणि त्याला आई, आम्ही दोघं आणि अक्का असे चार वारस, म्हणून त्याचा चौथा तिचा, म्हणजे सोळावा. तीनशे वीस गुंठ्यांत वीस गुंठे. हा हिशोब त्या वेळी तालुक्यात माझ्याइतका चांगला कुणाला येत नव्हता, आणि हक्कसोडपत्र मीच लिहिलं, राजीखुशीने, अक्कलहुशारीने. अक्काने वाचलंही नाही, म्हणाली, तू लिहिलंयस ना, मग झालं.

२००३ ला दाजी गेले. घराचं छप्पर गळत होतं, धाकट्याचं शिक्षण चालू होतं. त्या वेळचा कायदा म्हणायचा की विधवा मुलीने माहेरच्या घरात राहायला यावं, वाटणी मात्र मागू नये, ते कलम २००५ ला गेलं. अक्का राहायलाही आली नाही. तिने माझ्याकडे चाळीस हजार उसने मागितले, मी दिले, आणि गावात माझं नाव झालं की भाऊ असावा तर असा. तिच्या वीस गुंठ्यांत वर्षाला वीसेक टन ऊस निघत होता, तेरा वर्षं आम्ही दोघा भावांनी तो तोडून कारखान्याला घातला होता. हे गणित मला त्या दिवशी सुचलं नाही. शिलाँगहून परत येताना विमानात सुचलं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

गेल्या वर्षी आम्ही दोघा भावांनी अक्काला वीस गुंठ्यांचं बक्षीसपत्र करून दिलं. पूर्वीच्या किरकोळ स्टॅम्पच्या कागदाने गेलेली जमीन परत द्यायला किमतीवर टक्केवारीने स्टॅम्प भरावा लागला, बहिणीने भावाला द्यायचा रस्ता स्वस्त आणि भावाने परत करायचा महाग, हे मी ३८ वर्षं वकिली करून पहिल्यांदा खिशातून भरताना समजलो. फेरफार मंजूर झाला, सातबारा निघाला, तिने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. या हंगामात पहिल्या उसाचं बिल तिच्या खात्यावर जमा झालं तेव्हा संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं बँकेचा मेसेज वाचता येत नसेल. ती म्हणाली, अरे, ते चाळीस हजार राहिलेत तुझे, इतकी वर्षं मनाला लागून होतं, आता आलेत पैसे, व्याज किती धरायचं ते सांग.